बार्टटॉर्विक डॉट कॉम: सातव्या ते अकराव्या निवडीसाठी फुकटातलं सगळ्यात कामाचं साधन

एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात, तो ड्राफ्ट. त्यातल्या पहिल्या एक-दोन नावांसाठी कोणत्याही साइटची फारशी गरज नसते. २०२५ मध्ये कूपर फ्लॅग पहिला जाणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. खरा घोळ सुरू होतो सातव्या क्रमांकापासून. तिथे समोर येणाऱ्या प्रत्येक खेळाडूत काहीतरी उणं असतं, म्हणून तर तो तिथवर उरलेला असतो. त्यातलं कोणतं उणं चार वर्षांत भरून निघेल आणि कोणतं तसंच राहील, हे संघाला ठरवायचं असतं. हे परीक्षण त्या एका कामापुरतं आहे. ७ ते ११ या टप्प्यात कॉलेजचा खेळाडू पारखायला बार्टटॉर्विक किती उपयोगी पडते, कुठे फसवते आणि तिच्या जोडीला काय घ्यावं लागतं, एवढंच इथे पाहिलं आहे.

बार्ट टॉर्विक यांची ही साइट अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीतल्या पुरुष संघांची आणि खेळाडूंची आकडेवारी देते. पैसे लागत नाहीत. खेळाडूंची आकडेवारी २००८ च्या हंगामापासून आहे. साइट दिसायला अगदी साधी आहे. चित्रं नाहीत, व्हिडिओ नाहीत, नुसते रकान्यांनी गच्च भरलेले तक्ते. मोबाइलवर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं आणि आपण कोणत्या रकान्यात आहोत हेच विसरायला होतं. लॅपटॉपवरच उघडा. तक्ता सीएसव्ही स्वरूपात (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवता येतो. तो एक्सेलमध्ये घेऊन आपल्या कामाचे आठ-दहा रकाने ठेवा, बाकीचे लपवा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

खेळाडूंच्या पानावर गेलात की आधी सगळ्यांना एका क्रमाने लावण्याचा मोह टाळा. पीआरपीजी (बदली खेळाडूपेक्षा सामन्यामागे किती गुण जास्त) या आकड्यावर यादी लावली तर वर येतात ते भरपूर चेंडू हाताळणारे, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे, मुरलेले कॉलेज खेळाडू. त्यांतल्या बऱ्याच जणांचं नाव ड्राफ्टमध्ये पुकारलंही जात नाही. बीपीएम (खेळाडूचा संघाच्या गुणफरकातला अंदाजे वाटा) त्यापेक्षा बरा, कारण त्यात बचावाचाही हिशेब आहे. पण त्यात संघाच्या एकूण कामगिरीचा वाटा खेळाडूंमध्ये वाटला जातो. त्यामुळे भक्कम बचाव करणाऱ्या संघातल्या मध्यम बचावपटूचा आकडाही फुगतो. स्पोर्ट्स रेफरन्स या आकडेवारीच्या दुसऱ्या साइटवरचा बीपीएम आणि इथला बीपीएम यांची बेरीज-वजाबाकी करू नका. दोन्हींची सूत्रं वेगळी आहेत.

मग पाहायचं काय? या टप्प्यासाठी चार गोष्टी आधी: स्टीलचं (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्याचं) प्रमाण, असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं) यांचं गुणोत्तर, फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांची) टक्केवारी आणि वय. गुणांची सरासरी सगळ्यात शेवटी. हे का, ते एका उदाहरणावरून चांगलं कळतं.

२०१७-१८ च्या केंटकी संघात केव्हिन नॉक्स आणि शे गिल्जस-अलेक्झांडर एकत्र खेळत होते. नॉक्सची सरासरी १५.६ गुणांची होती, संघात सर्वाधिक. शेची १४.४. एवढंच पाहिलं तर नॉक्स पुढे, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये झालंही तसंच: नॉक्स नववा गेला, शे अकरावा. आता बाकीचे रकाने पाहा. नॉक्सचे सामन्याला १.४ असिस्ट, शेचे ५.१. स्टील अनुक्रमे ०.८ आणि १.६. फ्री थ्रो ७७.४ टक्के आणि ८१.७ टक्के. एकच प्रशिक्षक, तेच सहकारी, तेच प्रतिस्पर्धी. दोन खेळाडूंची इतकी स्वच्छ तुलना क्वचितच मिळते. नॉक्सच्या गुणांमागे दुसरं काही उभं नव्हतं. शेच्या गुणांमागे चेंडूचा ताबा, नजर आणि चपळ हात असं सगळं होतं. तो २०२५ मध्ये लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला. त्याचे कॉलेजचे हे सगळे आकडे २०१८ च्या एप्रिलमध्येच फुकट पाहता येत होते.

याच उदाहरणात एक सापळाही आहे. शेने त्या हंगामात तीन गुणांचे ५७ फटके मारले आणि त्यातले २३ टाकले. टक्केवारी ४०.४. तक्त्यात हा आकडा २०० फटके मारणाऱ्या नेमबाजाच्या शेजारी तेवढ्याच दिमाखात बसतो. पण ५७ फटक्यांवरच्या ४० टक्क्यांत निव्वळ नशिबाचा फरक दोन्ही बाजूंना सुमारे १३ टक्क्यांचा असू शकतो. म्हणजे खरं कौशल्य २७ टक्क्यांचं असतं तरी हा निकाल अगदी अशक्य नव्हता. म्हणून टक्केवारीच्या आधी दर १०० पझेशनमागे (संघाकडे चेंडू आलेल्या वेळांमागे) तीन गुणांचे किती फटके, हा रकाना पाहा. जो मारायलाच कचरतो त्याची टक्केवारी चांगली दिसली तरी एनबीएतले बचावपटू त्याला मोकळा सोडून इतरांच्या मदतीला जातात.

फ्री थ्रोला एवढं वजन का, हे २०२१ च्या आठव्या आणि नवव्या निवडीत दिसतं. नववा गेला बेलरचा डेव्हियन मिचेल. विजेत्या संघाचा मुख्य गार्ड (चेंडू हाताळणारा खेळाडू), जबरदस्त बचाव आणि तीन गुणांची टक्केवारी ४४.७. पण त्याच हंगामात फ्री थ्रो होते फक्त ६४.१ टक्के, आणि आदल्या वर्षी तीन गुणांची टक्केवारी ३२.४ होती. तीन आकड्यांपैकी दोन एक बाजू सांगत होते आणि एक दुसरी. एनबीएतल्या पहिल्या हंगामात तो ३१.६ टक्क्यांवर आला. आठव्या क्रमांकावर ऑर्लँडोने घेतलेल्या फ्रान्झ वॅग्नरचे मिशिगनमधले आकडे उलटे होते: तीन गुणांचे ३४.३ टक्के, फ्री थ्रो ८३.५ टक्के. मात्र इथे हात आखडता घेऊनच निष्कर्ष काढावा. वॅग्नरने पहिल्या वर्षी बरी नेमबाजी केली, पण २०२३-२४ मध्ये तो तीन गुणांच्या फटक्यांत २८.१ टक्क्यांपर्यंत घसरला. तो मोठा खेळाडू झाला तो रिंगपर्यंतच्या मुसंडीमुळे, पासमुळे आणि बचावामुळे. म्हणजे फ्री थ्रोचा आकडा खोटा यशस्वी हंगाम पकडायला उत्तम, पण भविष्यातली नेमबाजी हमखास सांगायला अपुरा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी साइट स्वतःहून सांगत नाही. कॉलेजची तीन गुणांची रेषा २०१९-२० च्या हंगामापासून २० फूट ९ इंचांवरून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. एनबीएची रेषा समोरून २३ फूट ९ इंच आणि कोपऱ्यात २२ फूट. म्हणून सगळी वर्षं एकत्र शोधून २०१८ चे ३८ टक्के आणि २०२३ चे ३८ टक्के सारखे धरले तर हिशेब चुकतो. जुन्या हंगामांशी तुलना करायची असेल तर त्यांच्या टक्केवारीला थोडी कमी किंमत द्या किंवा शोध २०२० च्या (म्हणजे २०१९-२० च्या) हंगामापासून पुढेच ठेवा.

वयाच्या बाबतीत साइटवरचा वर्ग दिशाभूल करतो. फ्रेशमन (पहिलं वर्ष), सोफोमोर (दुसरं), ज्युनियर (तिसरं) ही इयत्ता झाली, वय नव्हे. २०२१ मध्येच ऑर्लँडोने पाचव्या क्रमांकावर फ्रेशमन जेलन सग्ज घेतला आणि आठव्यावर सोफोमोर वॅग्नर. सग्जचा जन्म ३ जून २००१ चा, वॅग्नरचा २७ ऑगस्ट २००१ चा. ‘धाकट्या’ इयत्तेतला खेळाडू जवळपास तीन महिन्यांनी थोरला! मिचेल तर ड्राफ्टच्या दिवशी जवळजवळ २३ वर्षांचा होता. आठव्या आणि नवव्या निवडीत तीन वर्षांचं अंतर होतं, आणि वर्गाच्या रकान्यात सोफोमोर व ज्युनियर असा एका पायरीचा फरक दिसत होता. यादी दहा-बारा नावांवर आली की प्रत्येकाची जन्मतारीख स्वतः शोधा आणि ड्राफ्टच्या दिवशीचं वय वर्षं-महिन्यांत वेगळ्या रकान्यात लिहा. १९ वर्षांच्या मुलाचा आणि २२ वर्षांच्या मुलाचा बीपीएम सारखा असेल तर पारडं निःसंशय धाकट्याकडे झुकतं.

साइटचं खरं सामर्थ्य फिल्टरमध्ये आहे. तारखांची मर्यादा घालता येते, पहिल्या ५० किंवा १०० संघांविरुद्धचेच सामने निवडता येतात, उंची, वर्ग, भूमिका, किमान मिनिटं ठरवता येतात. भूमिका साइट आकड्यांवरून ठरवते, प्रशिक्षकाच्या कागदावरून नाही. त्यामुळे फॉरवर्ड म्हणून नोंदलेला मुलगा प्रत्यक्षात गार्डचं काम करतोय का, ते पटकन कळतं. फ्रेशमनसाठी हंगाम दोन भागांत तोडून पाहणं फार उपयोगी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बलाढ्य संघ दुबळ्यांना घरी बोलावून झोडपतात आणि आकडे फुगतात. १ जानेवारीपासून पुढचा तक्ता वेगळा काढा. टर्नओव्हर कमी झाले का, तगड्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) फ्री थ्रो मिळवण्याचं प्रमाण टिकलं का, हे दोन प्रश्न त्याला विचारा.

पहिल्या ५० संघांविरुद्धचा फिल्टर मात्र जपून वापरा. जेलन विल्यम्स सांता क्लाराकडून खेळायचा. त्या कॉन्फरन्समध्ये गोन्झागा आणि सेंट मेरीजसारखे मोजकेच तगडे संघ, त्यामुळे हा फिल्टर लावला की हातात मूठभर सामने उरतात. तेवढ्यावर कोणाला बाद करणं अन्याय आहे. त्याच्या पूर्ण हंगामात १८ गुण, ४.२ असिस्ट, ३९.६ टक्के तीन गुणांचे, ८०.९ टक्के फ्री थ्रो असं सगळं एकमेकांना धरून होतं. मग शिकागोच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधी खेळाडूंची मापं आणि चाचण्या घेणाऱ्या शिबिरात) हातांचा पसारा ७ फूट सव्वादोन इंच भरला आणि ओक्लाहोमा सिटीने त्याला २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर घेतलं. आकडे आणि माप दोन्ही जुळले की लहान कॉलेजची भीती बाळगू नये.

किमान मिनिटांच्या मर्यादेनेही बळी जातात. मर्यादा संघाच्या मिनिटांच्या ४० टक्क्यांवर ठेवली की २०२४-२५ च्या यादीतून वॉशिंग्टन स्टेटचा सेड्रिक कॉवर्ड गायब होतो, कारण खांद्याच्या दुखापतीमुळे तो सहाच सामने खेळला. २०२५ मध्ये अकरावा गेलेला खेळाडू यादीतच नाही! त्याच्यासाठी आधीच्या वर्षीचं ईस्टर्न वॉशिंग्टनचं पान उघडावं लागतं. नियम सोपा आहे: पहिली यादी मर्यादा घालून काढा, मग मर्यादा काढून टाका आणि जखमी खेळाडूंची नावं हाताने भरा. खेळाडूच्या नावावर क्लिक केलं की वर्षवार ओळी दिसतात. त्या ओळी वाचायची सवय लावा. टायरीस हॅलिबर्टन आयोवा स्टेटमध्ये पहिल्या वर्षी ६.८ गुण करत होता, दुसऱ्या वर्षी १५.२. चेंडू हातात कितीतरी जास्त आला तरी तीन गुणांची टक्केवारी ४३.४ वरून जेमतेम ४१.९ झाली. भार वाढूनही अचूकता टिकते, ही या टप्प्यावरची सर्वांत शुभ खूण. फटका मारण्याची पद्धत विचित्र म्हणून आणि बाकी कारणांनी तो २०२० मध्ये बाराव्यापर्यंत घसरला.

उलट खूण जॉनी डेव्हिसची. विस्कॉन्सिनचा हा सोफोमोर २०२१-२२ मध्ये १९.७ गुण आणि ८.२ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) करत बिग टेन कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण मैदानी फटके ४२.७ टक्के आणि तीन गुणांचे ३०.६. वॉशिंग्टनने दहावी निवड त्याच्यावर खर्च केली आणि तिसरा हंगाम संपण्याआधीच त्याला देऊन टाकलं. अशा खेळाडूसाठी साइटवरचे जवळचे दोन गुण आणि लांबचे दोन गुण (रिंगजवळून आणि लांबून मारलेले दोन गुणांचे फटके) हे रकाने पाहावेत. लांबच्या दोनवर जगणारा कॉलेजचा तारा एनबीएत दुय्यम भूमिकेत गेला की त्याला ते फटके मिळतच नाहीत.

या रकान्यांची एक मर्यादा आहे. जवळचा की लांबचा, हे सामन्याच्या लिखित नोंदीवरून ठरतं. लेअप, डंक (उडी मारून चेंडू हातानेच रिंगमध्ये कोंबणं), टिप-इन असे रिंगपाशी मारलेले फटके जवळ धरले जातात आणि जंप शॉट (उडी मारून लांबून फेकलेला फटका) लांब. फ्लोटर किंवा हूक अशा मधल्या अंतरावरच्या फटक्यांची नोंद कशी करायची ते त्या मैदानावरच्या नोंदकर्त्याच्या हातात असतं. म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर वाद घालू नका. डंकचा रकाना मात्र विश्वासार्ह, कारण डंकबद्दल कोणाचं दुमत होत नाही. साडेसहा फुटांच्या विंगने (मैदानाच्या कडेने खेळणाऱ्याने) अख्ख्या हंगामात चार-पाचच डंक केले असतील तर उडीच्या कौतुकाकडे सावधपणे पाहा.

आता या साइटच्या सगळ्यात मोठ्या गैरवापराबद्दल. सगळी वर्षं निवडून, पाच-सहा अटी घालून ‘२००८ पासून फक्त चौघांनी हे केलंय’ अशी यादी काढणं इथे दोन मिनिटांचं काम आहे. त्या चौघांत तीन ऑलस्टार आणि चौथा आपला आवडता मुलगा! अशा याद्यांत बहुतेक वेळा अटी खेळाडू पाहून शिवलेल्या असतात. त्याचं स्टीलचं प्रमाण २.६ असेल तर अट २.५ ची, ब्लॉक (अडवलेले फटके) २.१ असतील तर अट २ ची. तपासायचं असेल तर प्रत्येक अट थोडी सैल करा, २.५ ची २.२ करा, आणि यादीत नव्याने कोण येतं ते पाहा. चारांची यादी चाळीसांची झाली आणि त्यात तीस जण एनबीएत टिकले नाहीत, तर मूळ यादीला काही अर्थ नव्हता. अटी नेहमी खेळाडूचं नाव पाहायच्या आधी लिहून ठेवा.

साइट कुठे हात टेकते तेही स्पष्ट सांगायला हवं. २०१७ ते २०२५ या नऊ ड्राफ्टमध्ये ७ ते ११ क्रमांकावर ४५ खेळाडू गेले. त्यातले नऊ जण अमेरिकी कॉलेजचा एकही सामना न खेळलेले: फ्रँक एन्टिलिकिना, किलियन हेज, डेनी अवदिया, जोनाथन कुमिंगा, शेडन शार्प, डायसन डॅनियल्स, उस्मान डिएंग, बिलाल कुलिबाली आणि मटास बुझेलिस. पाचातला एक! शार्प केंटकीत दाखल झाला होता, पण मैदानात उतरलाच नाही. या सगळ्यांबद्दल बार्टटॉर्विक गप्प आहे. परदेशी लीगसाठी रिअलजीएम या साइटवर फुकट आकडेवारी मिळते. पण प्रौढांच्या लीगमध्ये १५ मिनिटं खेळणाऱ्या १८ वर्षांच्या मुलाचे आकडे कॉलेजच्या ३२ मिनिटांशी थेट ताडू नका.

शरीराची मापंही इथे कामाची नाहीत. उंची कॉलेजने छापलेली असते आणि ती बहुधा बुटांसकट, वर थोडी उदार. अनवाणी उंची, उभ्याने हात वर करून पोहोच, हातांचा पसारा आणि वजन यांसाठी एनबीएच्या अधिकृत आकडेवारीत कम्बाइनचा विभाग पाहा. तोही फुकट आहे. या चारांत उंचीपेक्षा पोहोच जास्त महत्त्वाची, विशेषतः रिंगजवळ चौथ्या-पाचव्या स्थानावर (पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर) खेळणाऱ्यांसाठी. कम्बाइनमधल्या धावण्या-उड्यांना फार भाव देऊ नका. तिथे चेंडू नसतो आणि समोर बचावपटूही नसतो.

व्हिडिओ नसणं ही उणीव धरायची का? आमच्या मते नाही. साइटचं काम यादी छोटी करण्याचं आणि व्हिडिओत काय शोधायचं ते सांगण्याचं. टर्नओव्हर जास्त दिसले तर दुहेरी बचावाखालचे प्रसंग पाहा. फ्री थ्रो मिळवण्याचं प्रमाण कमी दिसलं तर तो रिंगपाशी धडक टाळतोय का ते पाहा. ब्लॉक भरपूर पण फाउलही भरपूर असतील, तर तो जागेवर उशिरा पोहोचतोय का ते तपासा. तासन् तास क्लिप पाहण्यापेक्षा असे तीन-चार प्रश्न हातात घेऊन पूर्ण तीन सामने पाहावेत, आणि त्यातला एक संघ हरलेला असावा.

संघांकडे सिनर्जीसारखी महागडी साधनं असतात, त्यात प्रत्येक फटका व्हिडिओसकट असतो. हौशी अभ्यासकाला किंवा ड्राफ्टवर मराठीत लिहिणाऱ्याला त्याची गरज नाही. केनपॉम या कॉलेज आकडेवारीच्या साइटचं वार्षिक शुल्क भरण्याचीही घाई नको, ती मुख्यतः संघांची साइट आहे. बार्टटॉर्विक, रिअलजीएम आणि कम्बाइनची मापं एवढ्यावर ७ ते ११ साठीची यादी व्यवस्थित उभी राहते. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो वर्गाचा रकाना इतका ठळक असल्याबद्दल.

कामाचा क्रम ठरवताना कॅलेंडरकडेही लक्ष असू द्या. मे महिन्यातल्या कम्बाइननंतर काही दिवसांनी कॉलेज खेळाडूंची नाव मागे घेण्याची मुदत संपते, आणि आता कॉलेजातच चांगले पैसे मिळत असल्याने बरेच जण परत जातात. म्हणून एप्रिलमध्ये वीस-पंचवीस नावांची ढोबळ यादी करा, जन्मतारखा आणि वर्षवार ओळी तेव्हाच भरून ठेवा, पण क्रमवारी आणि व्हिडिओचं काम ती मुदत संपल्यावर हाती घ्या.